सकाळ कशाच्या आधारावर उभी राहते



तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारा मी फॅमिली डॉक्टर आहे. ‘सकाळी उठून चालायला जा’ हा सल्ला मी रोज कुणाला ना कुणाला देतो. दिवाळीनंतर थंडी पडली की आमच्या शाळेचं मैदान पहाटे कानटोप्यांनी आणि नव्या बुटांनी भरून जातं. संक्रांतीपर्यंत ते निम्मं रिकामं होतं. शिमग्याला पाहावं तर आधीच्या वर्षीचीच मूठभर माणसं चालताना दिसतात. जे गळतात त्यांना मी चांगला ओळखतो. त्यांतले एक किराणा दुकानदार वर्षानुवर्षं नऊच्या ठोक्याला शटर उघडतात. एक बाई मुलांच्या शाळेचा डबा एक दिवसही चुकवत नाहीत. या माणसांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. मग त्यांचा सकाळचा नेम का मोडतो, आणि ज्यांचा टिकतो त्यांचा कशाच्या आधाराने टिकतो, हा आजचा माझा विषय आहे.

सगळ्यात पक्की सकाळ मी पाहिली ती डेअरीला दूध घालणाऱ्या घरांत. पहाटे चार-साडेचारला गोठ्यात दिवा लागतो. शेण काढायचं, वैरण टाकायची, पेंड भिजवून पुढ्यात ठेवायची, धार काढायची आणि संस्थेचं संकलन बंद व्हायच्या आत किटली घेऊन पोचायचं. आदल्या रात्री लग्नाहून बारा वाजता परतलेला माणूसही पहाटे गोठ्यात हजर असतो. उठावं की नाही, हा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही. म्हशीची कास भरलेली असते, संस्थेची वेळ ठरलेली असते, आणि तो गेला नाही तर रांगेतला शेजारी दुपारी विचारतो, ‘आज दिसला नाहीस?’ त्याची सकाळ त्याच्या एकट्याच्या मनावर सोडलेली नसते. जनावर, घड्याळ आणि शेजारी मिळून ती उचलून धरतात.

आपल्याकडच्या जुन्या सकाळी अशाच उभ्या होत्या. कोजागरीनंतर गावोगावच्या देवळांत महिनाभर काकडा चालतो. भर थंडीत माणसं अंघोळ करून येतात, कारण टाळ, मृदंग आणि बाकीची मंडळी तिथे वाट पाहत असतात. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. एवढी मोठी काव्यसंपदा पहाटेच्या अंधारात, दळता दळता तयार झाली. मात्र त्या पहाटेचं कौतुक करताना मी सावध असतो. ते दळण म्हणजे कष्ट होते, आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं आनंदाने बाजूला ठेवलं. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की दोघी समोरासमोर बसल्या की हात चालतो. पुढे आकाशवाणीने हे काम केलं. पुणे केंद्रावरच्या ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या, की अंघोळीला कुणी जायचं आणि दप्तर कुणी भरायचं हे घराला सांगावं लागत नसे. आज प्रत्येकाच्या उशाशी स्वतःचा मोबाइल आहे, स्वतःचा गजर आहे, आणि तो बंद करायला स्वतःचंच बोट आहे. सकाळ खासगी झाली आणि तिचे बाहेरचे आधार गळून पडले. नेम मोडण्याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

आता शरीराकडे वळू. आपल्या मेंदूत, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. माणसात त्याचं एक आवर्तन सरासरी २४ तासांहून थोडं जास्त, साधारण २४ तास १० मिनिटांचं भरतं. म्हणजे मोकळं सोडलं तर बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडत जाईल. त्याला रोज जागेवर आणतो तो मुख्यतः प्रकाश, त्यातही सकाळचा. असं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे फळमाशीवरच्या संशोधनातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. व्यवहारात याचा अर्थ असा, की उठल्यावर अर्धा तास दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली बसणं आणि अर्धा तास अंगणात किंवा गच्चीत असणं यांत फार मोठा फरक आहे. घरातला उजेड काहीशे लक्सच्या वर क्वचित जातो. बाहेर ढगाळ हवेतसुद्धा तो हजारांत असतो. म्हणून मी पेशंटला सांगतो, व्यायाम नाही झाला तरी चालेल, चहाचा कप घेऊन बाहेर या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची झोपही वेळेवर येऊ लागते.

पहाटे किती वाजता उठावं यावर आपल्याकडे फार अभिमानाने बोललं जातं. चारला उठणारा श्रेष्ठ, सहाला उठणारा कमी. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे, आणि त्यात ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलं आहे, हे खरं. पण ते निरोगी माणसाला सांगितलेलं आहे, आजाऱ्याला सरसकट नाही. शिवाय ब्राह्ममुहूर्त सूर्योदयावरून मोजतात, भिंतीवरच्या घड्याळावरून नाही. तो सूर्योदयाच्या सुमारे ९६ मिनिटं आधी सुरू होतो. मुंबईत जानेवारीच्या मध्यात सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे त्या दिवसांत तिथे ब्राह्ममुहूर्त साडेपाचनंतर लागतो. नागपुरात सूर्य त्याच्या साधारण वीस मिनिटं आधी येतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ पुढे १९५५ पर्यंत वापरात ठेवली होती. तेव्हा डोंबिवलीत राहून, रात्री बाराला झोपून, जानेवारीत साडेचारला उठणारा तरुण परंपरा पाळतोय असं त्याला वाटत असेल, तर त्याने आकाशाकडे पाहावं. तो परंपरेच्याही एक तास आधी उठतोय आणि रोज अडीच-तीन तासांची झोप बुडवतोय. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. ती कापून मिळवलेली सकाळ मी आरोग्याच्या खात्यात धरत नाही. असा नेम सहसा आजारपणाने किंवा चिडचिडीने मोडतो, आणि मोडतो ते बरंच होतं.

दुसरी एक शारीरिक गोष्ट. जाग आल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, मेंदू पूर्ण जागा नसतो. या अर्धवट अवस्थेत निर्णय घेण्याची ताकद कमी असते. आणि आपण नेमके सगळे निर्णय तिथेच ठेवलेले असतात. उठू का? आज थंडी आहे, उद्या गेलं तर? बूट कुठे आहेत? जी माणसं टिकतात त्यांनी हे प्रश्न आदल्या रात्रीच संपवलेले असतात. माझे एक पेशंट, निवृत्त शिक्षक, मधुमेह झाल्यावर कितीदा तरी चालायला लागले आणि कितीदा तरी थांबले. शेवटी त्यांनी घराजवळचं दूध बंद केलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डेअरीतून आणायला सुरुवात केली. पिशवी आणि सुटे पैसे रात्रीच दाराच्या कडीला लावलेले. घरात चहा होणं त्यांच्या परतण्यावर अवलंबून. आता ते ‘चालायला’ जात नाहीत, दूध आणायला जातात, आणि चालणं त्यात होऊन जातं. त्यांना कुठल्याही पुस्तकाने हे शिकवलं नव्हतं, पण मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये हाच मुद्दा मांडला. ‘मी व्यायाम करीन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडलं की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असं ठरवणारी माणसं ठरवलेलं अधिक वेळा पार पाडतात.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकाकडे जातो. आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्या सवयी आल्या. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट निवडली आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. ज्यांच्या सवयीची वाढ नीट मोजता आली त्यांच्यात ती मुरायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण टोकं होती १८ आणि २५४. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर मुरली, व्यायामाला कितीतरी जास्त वेळ लागला. याच अभ्यासातली एक गोष्ट मी पेशंटला आवर्जून सांगतो: एखादा दिवस चुकला म्हणून मुरण्याची प्रक्रिया बिघडली नाही. आपल्याकडे नेम मोडला की तो कायमचा मोडला असं मानायची खोड आहे. घरी पाहुणे आले, ताप आला, चार दिवस गावाला गेलो, आणि ‘आता काय, पुढच्या पाडव्यापासून’. पाडव्याची वाट पाहायची गरज नाही. परत आलात की दुसऱ्या दिवशी पिशवी कडीला लावा.

सुरुवात लहान करा, हेही सांगायला हवं. पाच सूर्यनमस्कार रोज घातले तर ते पुढे पंचवीस होतील. पहिल्याच दिवशी पन्नास घातले तर तिसऱ्या दिवशी मांड्या धरलेल्या असतील. सूर्यनमस्कारांचा आपल्याकडचा मोठा प्रचारक म्हणजे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत आणले, त्यावर पुस्तक लिहिलं आणि स्वतःही ते नमस्कार घालत. राजाने उपदेश करून थांबायचं नाही, शाळेच्या वेळापत्रकात जागा द्यायची, ही त्यांची समज मला फार मोलाची वाटते. मुलगा एकटा उठून घालील अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही.

मुलांवरून एक सांगतो. वयात आलेल्या मुलाचं शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालतं. हा जीवशास्त्राचा भाग आहे, त्याला आळस म्हणून मारझोड करू नका. आपल्या राज्याने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगला निर्णय आहे. पण झोपेची सर्वांत ओढाताण नववी ते बारावीच्या मुलांची होते आणि ती मुलं त्या आदेशाबाहेर राहिली. सहाच्या क्लासला पाठवलेला अकरावीचा मुलगा तिथे बसून काय शिकतो, याचा पालकांनी नीट विचार करावा. आणि ज्यांना एमआयडीसीत तिसरी पाळी आहे, त्यांना कुणी पहाटेचं माहात्म्य सांगू नये. त्यांची सकाळ त्यांच्या झोपेनंतर सुरू होते, मग ती दुपारी दोनला का असेना.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सकाळच्या दिनक्रमाची जी पुस्तकं आणि भाषणं मी वाचली-ऐकली, त्यांत सांगणारा माणूस उठतो, ध्यान करतो, पळतो, वाचतो आणि मग नाश्त्याला बसतो. तो नाश्ता कुणी केला हे त्यात नसतं. आमच्या गावात नळाला पाणी पहाटे येतं. ते भरायला कोण उठतं? २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि अशा कामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस, बायका एक्याऐंशी. दवाखान्यात मी बाईंना ‘सकाळी चाला’ म्हणतो तेव्हा त्या मान डोलावतात आणि मला कळतं की त्या चालणार नाहीत. त्यांची सकाळ आधीच पक्की बांधलेली आहे, फक्त ती दुसऱ्यांसाठी. त्यांच्या नवऱ्याला आणि मलाही मिळालेल्या पहाटेच्या निवांतपणाची किंमत अनेकदा घरातल्या बाईने मोजलेली असते.

म्हणून या सभेतल्या पुरुषांना माझी विनंती आहे. स्वतःचा नेम ठरवण्याआधी आज रात्री घरातल्या बाईला विचारा, सकाळचा कोणता अर्धा तास तिला स्वतःसाठी हवा आहे. त्या अर्ध्या तासात पाणी, दूध, डबा यांपैकी जे काम पडत असेल ते आपल्या अंगावर घ्या, करता येत नसेल तर शिकून घ्या, आणि ते पुन्हा तिच्याकडे परत देऊ नका.