म्हैस आभाळात पाठवायची तर

मागच्या सुगीत ज्वारी राखायला माळ्यावर उभी होते. गोफण भिरकावली, दगड गेला, पाखरं उठली. शेजारच्या मावशींचा नातू खालून म्हणाला, "काकू, आपली म्हस अशी फेकली तर ती चंद्रासारखी फिरंल का?" मावशी म्हणाल्या, "आधी तुझ्या बापाला फेक." पण प्रश्न खोटा नाही.

दगड खाली का पडतो? जमीन ओढते म्हणून. पहिल्या सेकंदात कुठलीही वस्तू साधारण 5 मीटर खाली येते. आता पृथ्वी गोल आहे, 8 किलोमीटर सरळ गेलं की जमीन तेवढीच, 5 मीटर, खाली वळलेली असते. म्हणजे सेकंदाला 8 किलोमीटर वेगानं आडवी गेलेली म्हैस पडत राहील, पण जमीन काही हाती लागणार नाही. यालाच कक्षेत फिरणं म्हणतात. या वेगानं सोलापूरहून पंढरपूर नऊ सेकंदांत मागं पडतं. विठ्ठलाला हात जोडायलाही सवड नाही.

गोफणीनं मात्र जमायचं नाही. 100 मीटर लांब गोफण केली तरी म्हशीला तिच्या वजनाच्या 60,000 पटींहून जास्त ओढ बसेल. वर हवेत घासून ती तुटत्या ताऱ्यासारखी जळेल. म्हणून रॉकेट लागतं. ते आधी हवेच्या वर चढतं आणि वेग बेताबेतानं वाढवतं.

खर्चाचं मला नवल वाटलं. आपली पंढरपुरी म्हैस 450 किलोची धरू. तिला तो वेग द्यायला लागणारी ताकद विजेत मोजली तर साधारण 4,000 युनिट होते. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराचं तीन-सव्वातीन वर्षांचं बिल. म्हशीची किंमत त्याहून जास्त! मग रॉकेट एवढं महाग का? कारण ते आपलं इंधन आपणच वाहतं. उसाच्या ट्रॅक्टरनं ट्रॉलीत ऊस कमी आणि डिझेलच जास्त न्यावं, तसं. इस्रोचं छोटं रॉकेट, एसएसएलव्ही, 500 किलो वर नेतं, आणि उडताना त्याचं स्वतःचं वजन 120 टन असतं. आपली म्हैस त्यात मावते. उरले 50 किलो. त्यात पिंजरा, हवा, चारा आणि पाणी. पाणीच ती दिवसाला पन्नासेक लिटर पिते. शिंगांचं तर बोलूच नका, पंढरपुरीची तलवारीएवढी शिंगं रॉकेटच्या टोकात बसवायची कशी?

समजा पोचली. दीड तासात पृथ्वीला एक फेरी, म्हणजे दिवसात सोळा सकाळी. धार कोणत्या सकाळी काढायची? दोर तुटून विहिरीत चाललेल्या बादलीत पाणी बादलीला टेकत नाही, दोघंही बरोबरच पडतात. तिथं सगळंच तसं. दूध चरवीत पडणार नाही, गोळे होऊन तरंगेल.

इथवर आम्ही हसलो. मग मावशींनी विचारलं, "रवंथ कसा करंल?" रवंथ करताना म्हशीच्या पोटात वायू होतो. इथं तो वर येतो आणि ढेकर निघतो. तिथं वर-खाली नाहीच, वायू चाऱ्यातच अडकणार. पोटफुगी झालेलं जनावर रातोरात कसं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रशियानं 3 नोव्हेंबर 1957 ला लायका नावाची कुत्री पाठवली होती. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी. तिला परत आणायची सोयच केलेली नव्हती. काही तासांत ती उष्म्यानं गेली, आणि जगाला हे खरं कळलं 2002 साली. पुढं 1960 मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या जिवंत परतल्या, पण ते लायकाच्या कामी आलं नाही. मावशी हे ऐकून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "दावं सोडलं तर संध्याकाळी परत बांधायचं असतं."

आपल्या गगनयानाच्या चाचणीसाठी इस्रोनं जनावर निवडलं नाही. व्योममित्र नावाची यंत्रबाई बनवली आहे. नातवानं लगेच विचारलं, तिला धार काढता येते का.