दारिद्र्य आणि क्षयरोग



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वैद्यकीय मदतीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून आम्ही एकच रोग घेतो, क्षय. जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी सुमारे एक आपल्या देशात आहे.

रॉबर्ट कॉख याने १८८२ साली या रोगाचा जंतू जगाला दाखविला. तेव्हापासून आपण म्हणत आलो की, जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही. शिरताना तो पाहत नसेलही. परंतु ज्यांच्या शरीरात तो शिरतो त्यांपैकी दहांतील नऊ जणांत तो जन्मभर निजून राहतो. तो उठतो कोठे? जेथे पोट अर्धे, खोली एक आणि माणसे आठ, तेथे. (मधुमेह्यांतही उठतो, तेव्हा सुखवस्तू मंडळींनी अगदीच निर्धास्त राहू नये.) आणि त्या खोलीतही सगळ्यांचे ताट सारखे नसते. सर्वांमागून जेवणारी सून खोकते, तेव्हा घर महिना-दोन महिने ऐकतच नाही. रोजंदारीवरचा माणूसही दवाखान्याची वेळ टाळतो, कारण तीच त्याच्या मजुरीची वेळ.

मद्रासमध्ये १९५६ साली एक फार मोलाचा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतील काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषध दिले. घरच्यांचे अन्न निकृष्ट, विश्रांती कमी. तरी वर्षअखेर सॅनिटोरियममधील शंभरांपैकी ९२ आणि घरचे ८६ सुधारले. फरक थोडाच! खाटेवाचूनही गरिबाचा क्षय बरा होतो हे सिद्ध झाले, आणि लाखोंचे कल्याण झाले. मात्र औषध मिळाले की झाले, अशी समजूतही याच निकालाने बळावली. प्रयोग होता आजार झालेल्यांवर. अन्नावाचून आजार होतो किती, हे त्यात विचारलेच नव्हते.

तो प्रश्न झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून विचारला गेला. सुमारे २८०० रोगी, आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसे. रोग्यांना सर्वत्र धान्य दिले. घरच्यांना मात्र निम्म्या भागातच. मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला: जेथे घरच्यांनाही धान्य मिळाले, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. रोग्यांतही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी आढळले. आम्हांस विचाराल तर डाळभात हे येथे औषधच ठरले.

सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. रोग्याला दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. परंतु ही रक्कम रोग्याच्या नावची. घरातील इतरांच्या ताटात काही पडावे यासाठी 'निक्षय मित्र' म्हणून संस्थांना नाव नोंदविता येते. आपल्यासारख्या ट्रस्टांचे काम आहे ते येथे.

देणगीदार खाटेला पैसे देतो, कारण खाटेवर पाटी लागते. तांदळाच्या पोत्यावर कोण पाटी लावणार? आम्ही हे रागाने म्हणत नाही, खाटाही हव्यातच. पण चार मोठ्या माणसांच्या घरी महिना २० किलो तांदूळ आणि ६ किलो डाळ, आणि सामान्यतः उपचार सहा महिन्यांचा, हा हिशेब विश्वस्तांनी एकदा बाजारभावाने मांडून पाहावा. एका शस्त्रक्रियेच्या मदतीत अशी किती घरे बसतात ते लगेच कळेल.

देण्याच्या रीतीविषयी एक विनंती. धान्य कार्यालयात बोलावून देऊ नये; घरी पोचवावे, तेही रोगाचा उल्लेख शेजारी ऐकतील असा न करता. लग्नाच्या मुली असतात त्या घरांत. आणि छायाचित्रे काढू नयेत.