नाटक लिहिलं कुणी?

नांदेड आणि लातूरचे आम्ही आठ-दहा वाचणारे लोक महिन्यातून एकदा जमतो. एका महिन्यात नांदेडला, पुढच्या महिन्यात लातूरला. त्यात निवृत्त गुरुजी आहेत, वकीलसाहेब आहेत, एसटीतले एक कंडक्टरही आहेत. मध्यंतरी आम्ही जुनी नाटकं वाचायला घेतली आणि दर बैठकीत एकच वाद रंगू लागला: हे नाटक नेमकं लिहिलं कुणी?

सुरुवात 'मृच्छकटिका'पासून झाली. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे चारुदत्त आणि वसंतसेना मराठी माणसाला घरचेच वाटतात. मूळ दहा अंकी संस्कृत नाटक शूद्रक राजाच्या नावावर आहे. पण त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे की, शूद्रक शंभर वर्षं आणि दहा दिवस जगला व मग त्यानं अग्निप्रवेश केला. आमचे कंडक्टर मित्र म्हणाले, "स्वतःच्या मरणाची बातमी कवीनं स्वतःच कशी दिली?" प्रश्न साधा, पण विद्वानांनाही तोच पडलेला आहे. निदान तेवढा भाग तरी दुसऱ्या कुणाच्या हातचा असावा.

पुढं गुंता आणखी वाढतो. १९०९ साली टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोर संस्थानात काही जुन्या नाटकांची हस्तलिखितं सापडली. १९१२पासून ती छापून येऊ लागली. एकूण तेरा नाटकं, आणि प्रस्तावनेत कर्त्याचं नाव कुठंच नाही. शास्त्रीजींनी ती भासाची ठरवली. कालिदासानं 'मालविकाग्निमित्रा'त ज्याचं नाव घेतलं, तोच हा भास. हे काही पंडितांना पटलं, काहींना पटलं नाही. या तेरांपैकी 'चारुदत्त' हे नाटक चार अंकांचं आहे आणि ते 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशी जागोजाग जुळतं. 'मृच्छकटिका'त घर फोडणारा शर्विलक, 'चारुदत्ता'त तोच सज्जलक. आर्यकाच्या बंडाची कथा मात्र 'चारुदत्ता'त नाही. मग लहान नाटकात भर घालून कुणी मोठं केलं, की मोठं कापून लहान केलं? आमच्यात दोन तट पडले. पण दोन्ही बाजूंच्या हातात नाटकाची पानं होती.

पुढची बैठक शेक्सपिअरची होती. तिथं शंकेचा सूर बदलला. बाप हातमोजे करणारा, मुलगा विद्यापीठाची पायरी न चढलेला; त्याला राजदरबार कसा कळला? या आक्षेपावर पुस्तकं निघाली. १८५७ साली डेलिया बेकननं ही नाटकं दुसऱ्यांची म्हटली. १९२० साली थॉमस लूनीनं ती ऑक्सफर्डच्या सरदाराच्या नावावर केली. तो सरदार १६०४ सालीच वारला होता आणि 'टेंपेस्ट' त्यानंतरचं, ही अडचण होतीच. शिवाय शेक्सपिअरच्या सोबतच्या नटांनीच १६२३ साली त्याची ३६ नाटकं त्याच्या नावानं छापून घेतली होती.

ही चर्चा ऐकताना मी गप्प बसू शकलो नाही. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, घरात दखनी बोलणारा आणि मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. एका कार्यक्रमानंतर एका गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, "भाई, मराठी फार शुद्ध आहे हो. कुणाकडून लिहून घेता?" माझ्या कवितेतली एक ओळही त्यांनी पुढं केली नव्हती. शंका त्यांना माझं नाव ऐकून आली होती.

शंका घेऊ नये, असं मी म्हणत नाही. २०१६च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत 'हेन्री सहावा'च्या तिन्ही भागांवर शेक्सपिअरसोबत ख्रिस्तोफर मार्लोचं नाव आलं, ते शब्दांच्या लकबी तपासून. आपल्याकडं 'एकच प्याला'तली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत, गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि पदांचं काम गुर्जरांनी केलं. त्यांना ते श्रेय दिल्यानं गडकरी लहान होत नाहीत. नाटक ही अनेकांच्या हातून घडणारी गोष्ट आहे, एवढंच त्यातून कळतं.

तेव्हा आमच्या मंडळींनी एक नियम ठरवला आहे. शंका घ्यायची तर पानावर बोट ठेवून. कवीची जात, त्याचं घर, त्याची पदवी या गोष्टी पुरावा म्हणून चालणार नाहीत. आता लातूरच्या बैठकीत 'स्वप्नवासवदत्त' आहे. भासाचं आहे की नाही, ते आम्ही वाचूनच भांडणार आहोत.