हिंगणघाटहून भूमध्यकाठी

एके काळी हिंगणघाटचा कापूस गावाच्या नावानेच लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपचा जलमार्ग भूमध्य समुद्रातून गेला. त्याच समुद्राकाठी वालेन्सियास राहून इकडच्या कचेरीचे काम संगणकावर करावे, असे आज वणाकाठच्या एखाद्या तरुणाने योजिले, तर त्याने काय सिद्धता करावी?

प्रथम अनुमती. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने स्पेनने परदेशी पेढीचे काम दुरून करणाऱ्यांस निवासाची सोय केली. पेढी निदान एक वर्ष चालू असावी, तिच्याशी संबंध तीन महिन्यांचा असावा, पदवी अथवा तीन वर्षांचा अनुभव असावा. मालकाची संमती लेखी घ्यावी. पदवीपत्र व पोलिसांचा दाखला यांवर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील मोहोर हवी, स्पॅनिश भाषांतरही हवे.

मग घड्याळ. इकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेसहा. पहाटे उठण्याची सवय येथेच करून पाहावी.

कराचाही विचार करावा. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारा तेथील करदाता ठरतो. जाणत्याचा सल्ला आधीच घ्यावा.

कापसाची गाठ एकदा रवाना झाली की तिला मागची चिंता नसते. माणसाला ती असते. आईवडिलांच्या औषधपाण्याचा भार कोण वाहील, हे त्यांच्याशी बसून ठरवावे. तिकीट त्यानंतर काढावे.