घाण हलवली म्हणजे जमीन साफ झाली?

परिषदेच्या स्वागताध्यक्षाने आवरतं घ्यावं अशी सगळ्यांची इच्छा असते. बाहेर तर्री-पोहे तयार असताना ती रास्तही आहे. तरी थोडं बोलतोच.

युनियन कार्बाइडच्या भोपाळमधल्या आवारातून 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला नेला. वायुगळतीला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर कचरा जाळून झाला, पण जाळताना चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे मूळ कचऱ्याहून जास्त वजनाची राख उरली. आणि भोपाळची जमीन? आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेसोबत केलेल्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज 11 लाख टनांचा आहे. एवढी माती कुठल्या गावाच्या माथी मारणार?

म्हणून जागच्या जागी जमीन सुधारणारे उपाय मला पटतात. सावनेर तालुक्यात गुमगावला मॅंगनीजची खाण आहे. खाणीतून उपसून टाकलेल्या ढिगात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाही, पाणी टिकत नाही, काही उगवत नाही. पावसाळ्यात मात्र तो वाहून खाली येतो. नीरीने तिथे खड्डे घेऊन साखर कारखान्यातली मळी मिसळली, म्हणजे प्रेसमड. रोपांच्या मुळांशी मायकोरायझा बुरशी आणि नत्र धरून ठेवणारे जिवाणू सोडले. ढिगावर झाडं उभी राहिली. कापसाच्या विदर्भातल्या ढिगाला उसाची मळी उपयोगी पडावी, याची मला मोठी गंमत वाटते!

या उपायात धातू नाहीसा होत नाही, मुळांपाशी अडतो, हे कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापायला हवं होतं. काही झाडं तर तो पानांत ओढतात. ती पानं शेळीने खाल्ली की धातू दुधापर्यंत जायला वाट मोकळी. तेव्हा झाडांची यादी करताना गुराख्यालाही बोलवा.

दूषित स्थळांसाठी केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आले. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसायचा, हे त्यात आहे. पण खाणकाम त्या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलंय. आमच्या जिल्ह्याला हे परवडणारं नाही, आणि परिषदेने तसा ठराव करावा अशी माझी सूचना आहे.

जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याला औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत शिरली. दुपारच्या सत्रात तिथल्या शेतकऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलंय. राखेखालच्या रानात काय पेरायचं आणि ते खायचं की नाही, हे ते विचारतील. वक्त्यांनी उत्तर मराठीत किंवा हिंदीत द्यावं. किती वर्षं लागतील आणि तोवर घर कशावर चालवायचं, तेही सांगावं.

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, ही विनंती.