वाय-फाय 'बंद' आहे, पण कोणी केलं?

आजचा भाग छोटासाच, आणि तो आहे 'बंद' या शब्दाबद्दल.

आयफोनच्या कंट्रोल सेंटरमध्ये वाय-फायचं बटण दाबलं की काय होतं? तुम्ही म्हणाल, वाय-फाय बंद. तर नाही! २०१७ मध्ये आयओएस ११ आलं, तेव्हापासून हे बटण फक्त जोडलेलं नेटवर्क सोडतं. रेडिओ जागाच असतो. तो खरंच बंद करायचा तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं.

म्हणजे 'बंद'चेही प्रकार असतात. लिनक्समध्ये हा हिशेब आरएफकिल नावाचा भाग ठेवतो. कुठलंही बोर्ड हातात आलं की मी आधी त्याची यादी बघतो. प्रत्येक रेडिओखाली दोन ओळी असतात: सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्ट म्हणजे आतून लावलेली कडी. सॉफ्टवेअरनं लावली, सॉफ्टवेअरच काढेल. हार्ड म्हणजे बाहेरून घातलेलं कुलूप, जसा जुन्या लॅपटॉपच्या कडेचा सरकता स्विच. कितीही कमांड मारा, सॉफ्टवेअरला ते कुलूप दिसतं, पण उघडता येत नाही.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी भेटू शकतं. देश न निवडता सुरू केलं की संदेश येतो, वाय-फाय आरएफकिलनं अडवलंय. बोर्ड खराब नाही हो! कुठल्या चॅनेलवर किती ताकदीनं बोलायचं, याचे नियम देशागणिक वेगळे. म्हणून देश कळेपर्यंत रेडिओ गप्प.

स्वतः बोर्ड बनवत असाल तर आणखी एक गोष्ट. रेडिओ बंद करणारी पिन प्रोसेसरला कुठे जोडली आहे, हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाईलमध्ये लिहितात. पिनवर व्होल्टेज असताना 'बंद' समजायचं की नसताना, हेही तिथेच. ते उलटं लिहिलं गेलं, तर स्क्रीन म्हणते बंद आणि अँटेना बोलतच राहतो! शिवाय ही पिन सॉफ्टवेअरच्याच हातात, म्हणजे ही पण कडीच.

खरं कुलूप बघायचंय? पाईनफोनचं मागचं झाकण काढा. आत सहा बारीक स्विच दिसतील. मोडेमचा वेगळा, वाय-फाय-ब्लूटूथचा वेगळा, माईकचा वेगळा.

तेव्हा वाय-फाय चालेना झालं, तर कार्ड बदलायला धावण्याआधी विचारा, कडी आहे की कुलूप? आणि एखादं उपकरण 'मी बंद आहे' म्हणालं, तरी हाच प्रश्न विचारा.

भेटू पुढच्या भागात!