संभाव्यतेचे उदाहरण आणि साहाय्याची रीत

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि जाता जाता त्यांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत, अशी या समारंभाची प्रथा आहे. कौतुक आपण सर्वांनी मनापासून केलेच आहे. उपदेश मात्र आज विद्यार्थ्यांना न करता त्यांच्या घरच्या वडीलमंडळींना, आणि त्यांत सर्वप्रथम स्वतःला, करण्याचे आम्ही योजिले आहे. दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ नावाचे एक प्रकरण आहे. नाणी, फासे आणि पत्ते यांची ती उदाहरणे. त्यांपैकी एखादे अडले म्हणजे मूल घरातील कोणाकडे तरी वही घेऊन येते. त्या वेळी आपण त्याला साहाय्य कसे करतो, एवढाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

आमच्या हातून घडलेली चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा भाचा असाच वही घेऊन आला. दोन फासे एकदम टाकले असता वरच्या अंकांची बेरीज सात येण्याची संभाव्यता काढा, असे उदाहरण होते. त्याने १/११ असे उत्तर लिहिले होते. बेरीज दोनपासून बारापर्यंत काहीही येऊ शकते. म्हणजे अकरा प्रकार झाले, त्यांतला सात हा एक, असा त्याचा विचार. आम्ही घाईत होतो. त्याचे उत्तर खोडले, ‘एकषष्ठांश लिही’ म्हणून सांगितले आणि बाहेर पडलो. पुढे परीक्षेत बेरीज आठ विचारली गेली. पोराने निमूटपणे १/६ लिहिले. गुण गेले, त्याचे एवढे दुःख नाही. परंतु तो पुन्हा आमच्याकडे वही घेऊन आला नाही आणि ‘गणित माझ्यासाठी नाही’ असे म्हणू लागला, याचे शल्य आजही आहे. त्याने विचार केला होता. आम्ही तो ऐकून घेतला नाही.

दहा मिनिटे बसलो असतो तर काय झाले असते? कागदावर सहा ओळी आणि सहा स्तंभ आखून छत्तीस घरे केली असती आणि प्रत्येक घरात दोन्ही फाशांची बेरीज त्याच्याकडूनच लिहवून घेतली असती. सात हा अंक सहा घरांत येतो, आठ पाच घरांत, आणि दोन केवळ एका घरात. अकरा बेरजा सारख्या तोलाच्या नाहीत, हे त्याचे त्यालाच दिसले असते. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘नमुना अवकाश’ म्हणतात तो हाच. ही यादी नीट मांडली की बहुतेक उदाहरणे निम्मी सुटतात.

मुलांना विचारण्याची लाज वाटते, म्हणून हेही सांगितले पाहिजे की, हे शास्त्रच मुळी एकाने दुसऱ्याचे साहाय्य मागितल्यामुळे जन्माला आले. इ. स. १६५४ मध्ये फ्रान्स देशात शेव्हालिए द मेरे नावाच्या एका सरदाराने पास्कल या गणितज्ञापुढे एक कोडे टाकले. दोन खेळाडू समान पैसे लावून खेळतात. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व रक्कम घ्यावी, असा करार. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ मध्येच थांबला, तर रकमेची वाटणी कशी करावी? पास्कलने स्वतःची रीत शोधली; परंतु तेवढ्यावर समाधान न मानता त्याने तूलूझ येथील न्यायाधीश आणि गणितज्ञ फर्मा यांच्याशी पत्रव्यवहार केला. दोघांच्या रीती निराळ्या होत्या, उत्तर मात्र एकच आले. चौसष्ट मोहरांपैकी पहिल्याला अठ्ठेचाळीस आणि दुसऱ्याला सोळा.

फर्माची रीत आमच्या मुलांनाही समजेल अशी आहे. जास्तीत जास्त दोन डावांत निकाल लागणार. ते दोन डाव म्हणजे जणू दोन नाणीच. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा असे चार प्रकार होतात. पहिल्याला एकच छापा पुरे आहे आणि तो तीन प्रकारांत मिळतो. म्हणून त्याचा वाटा ३/४. यावर कोणी म्हणेल की, पहिल्याच डावात छापा पडला तर खेळ संपला, मग दुसरा डाव मोजायचा कशाला? म्हणजे तीनच प्रकार उरले. ही शंका त्या काळीही निघाली होती. पुढे १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ज्ञानकोशाच्या खंडात द’आलांबेर या मोठ्या गणितज्ञाने दोन नाण्यांच्या बाबतीत नेमका हाच तर्क करून ३/४ च्या जागी २/३ असे उत्तर दिले. तीन प्रकार खरे, परंतु ते समसंभाव्य नव्हेत. आमच्या भाच्याची चूक याच जातीची होती. जी चूक द’आलांबेरकडून झाली ती पंधरा वर्षांच्या मुलाकडून झाली, तर त्याला मूर्ख कसे म्हणावे?

आता साहाय्याची रीत सांगतो. पहिली गोष्ट, मुलाने काय केले ते आधी त्याच्या तोंडून ऐकावे. दुसरी, उत्तर न सांगता यादी मांडायला लावावी. तिसरी, उदाहरण सुटल्यावर त्यातला अंक बदलून तेच पुन्हा सोडवून घ्यावे. समजले की केवळ उतरवले, ते तेथे कळते. ‘किमान एक’ हे शब्द दिसले की, मुळीच नसण्याची संभाव्यता काढून ती एकातून वजा करावी, ही युक्ती शिकवावी. आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. पुष्कळ घरांत पत्त्यांना मज्जाव असतो, आणि त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु बावन्न पत्त्यांत इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट प्रत्येकी तेरा असतात, राजा, राणी व गुलाम मिळून चित्रांचे पत्ते बारा असतात, हे ज्या मुलाने कधी पाहिलेच नाही त्याने उदाहरण सोडवावे कसे? अभ्यासापुरता एक जोड घरात आणावा. त्याने कोणी जुगारी होत नाही. उलट हिशेब समजलेला माणूस जुगाराच्या वाटेस सहसा जात नाही.

विद्यार्थ्यांनीही एक पथ्य पाळावे. कोरी वही घेऊन कोणाकडे जाऊ नये. चुकीचा का होईना, स्वतःचा प्रयत्न लिहून न्यावा. पास्कलनेही तेच केले.

भगिनींनो, हे प्रकरण केवळ परीक्षेपुरते नाही. दोन मुली झालेल्या घरी ‘आता तिसऱ्या खेपेस मुलगाच’ असे वडीलधारी माणसे बोलतात, आणि मुलगी झाली की सुनेला बोल लावतात. दर खेपेस मुलगा वा मुलगी होण्याची संभाव्यता जवळजवळ निम्मी निम्मी असते. आधी काय घडले याची नोंद दैव ठेवत नाही. तीन अपत्यांची यादी मांडा. आठ प्रकार होतील आणि त्यांत तिन्ही मुली असण्याचा एक. म्हणजे अशा आठ घरांत सरासरीने एका घरी तीन मुली असणारच. त्यात कोणाचा दोष नाही, कोणाचा कोप नाही. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे ध्यानी घेतले तर सुनेला दोष देणे हा दुहेरी अन्याय ठरतो. हे गणित घरोघरी समजले तर कितीतरी लेकीसुनांचे अश्रू वाचतील.

महाभारतातील नलोपाख्यान आपणां सर्वांना ठाऊक आहे. ऋतुपर्ण राजाने रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगितले. नलाने ते मुकाट्याने मानले नाही. रथ थांबवून त्याने स्वतः मोजून पाहिले. नंतर राजाने त्याला अक्षविद्या दिली आणि त्याने राजाला अश्वविद्या देऊ केली. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल या विद्येने पुन्हा उभा राहिला. देणाऱ्याने विद्या द्यावी, घेणाऱ्याने स्वतः मोजून पाहावे, आणि घेणाऱ्याजवळही देण्यासारखे काही असते हे विसरू नये, एवढे या कथेत आहे.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. दर रविवारी सकाळी एक तास ज्ञातिगृहाचा दिवाणखाना मुलांसाठी उघडा ठेवावा. आपल्यात निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, अभियंते कमी नाहीत. दोघांनी जरी पाळीपाळीने वेळ दिला तरी पुरे. आणि शेजारच्या वस्तीतील मूल वही घेऊन दारात आले, तर त्याची ज्ञात विचारू नये. फाशाला ती ठाऊक नसते आणि गणितालाही नसते.

पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊन बसू. आमचा भाचा आता मोठा झाला आहे. त्यालाही येण्याची विनंती करणार आहोत, शिकायला नव्हे, शिकवायला. तो येईल की नाही याची संभाव्यता आम्हांस सांगता येणार नाही. परंतु बोलावणे आमचे कर्तव्य आहे.